अक्काचं पित्ताशय आणि आयुधपूजा

आमच्या घरात पोटात कुठेही, कसंही दुखलं तरी त्याला गॅस म्हणतात. जेवणानंतर दुखलं तर गॅस, जेवणाआधी दुखलं तर रिकाम्या पोटाचा गॅस, पाठीत गेलं तर वर चढलेला गॅस. माझी मोठी बहीण, अक्का, ही या शास्त्रातली सर्वांत मोठी जाणकार. उजव्या बरगडीखाली कळ आली की ती ओव्याची चिमूट तोंडात टाकायची, वर कोमट पाणी प्यायची आणि "अय्यो, सुम्ने गॅस गं," म्हणून पुन्हा कामाला लागायची. सुम्ने म्हणजे उगीच, काही नाही. आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांच्या तोंडात हा कन्नड शब्द दिवसभर असतो, आणि अक्काच्या तोंडात जरा जास्तच.

अक्का अग्रहारात राहते, मी सरस्वतीपुरमला. आमचं माहेर रंगाऱ्यांचं, अक्काचं सासरही रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं आणि त्यावर ठसे मारायचे हा पिढ्यांचा धंदा होता. पूर्वज म्हैसूरला कधी आले, कोणाबरोबर आले हे कोणालाच धड सांगता येत नाही. प्रत्येक काका वेगळी गोष्ट सांगतो आणि प्रत्येकाच्या गोष्टीत त्याचाच पणजोबा पुढे असतो. आता रंगाच्या कढया गेल्या, मुलं बँकांत आणि कंपन्यांत लागली. भावजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, मात्र रंग सोडला नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं स्क्रीन प्रिंटिंग चालतं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, शाळांच्या टी-शर्टांवरचे वाघ आणि हत्ती. रंग कालवून ते पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, झाकणावर चिकटपट्टी लावतात आणि नमुने दाखवायला स्कूटरच्या डिकीत टाकून गावभर फिरतात. त्या स्कूटरला गेली कित्येक वर्षं पेट्रोलपेक्षा रंगाचाच वास जास्त येतो.

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. अक्का मला मास्तरीणबाई म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणत नाही. काही वर्षांपासून मी शहरातल्या काही डॉक्टरांसाठी एक जादा काम करते. कोणत्या कॅन्सरचे दरवर्षी किती नवे रोगी सापडले आणि किती दगावले याची जुनी-नवी माहिती जुळवायची आणि तिचे आलेख काढायचे. वरची रेषा नव्या रोग्यांची, खालची मृत्यूंची. बहुतेक आजारांत वर्षं पुढे सरकतात तशा या दोन रेषा एकमेकींपासून लांब होत जातात. उपचार सुधारतात, खालची रेषा मागे पडते, मधली फट रुंदावते. ती फट बघून मला खरंच आनंद होतो. माझ्यासारख्या चिडक्या बाईला कागद बघून आनंद होतो, यावरून काय ते समजा.

पित्ताशयाच्या कॅन्सरच्या रेषांनी मात्र मला कधी आनंद दिला नाही. त्या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटून चालतात. पित्ताशय यकृताखाली दडून बसलेलं असतं. तिथला आजार सुरुवातीला काही बोलतच नाही आणि बोलतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून जितके सापडतात त्यातले पुष्कळसे जातात. बायकांची रेषा पुरुषांच्या वर असते. उत्तरेत, गंगेकाठच्या मुलखात ती बरीच उंच, आमच्या दक्षिणेत बरीच खाली. काही शहरांत ती सावकाश चढताना दिसते, आणि का चढते यावर डॉक्टरांचं एकमत नाही. कोणी म्हणतं खडे वाढले, कोणी म्हणतं वजनं वाढली, कोणी म्हणतं आता तपासण्याच जास्त होतात. जुन्या वर्षांवर तर माझा अजिबात भरवसा नाही. आमच्या आईची थोरली बहीण कावीळ होऊन गेली असं घरात सांगतात. ती कशाची कावीळ होती हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि तिच्यासारख्या किती जणी कुठल्याच आलेखात नाहीत हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं डोक्यात असताना अक्काची उजव्या बरगडीखालची कळ बघणं म्हणजे शिक्षा होती. खडे असलेल्या बहुतेक लोकांना पुढे असं भयंकर काहीच होत नाही, हेही मला ठाऊक होतं. पण बहिणीच्या बाबतीत 'बहुतेक' या शब्दाने माझं समाधान होईना.

एका लग्नात दोन चिरोट्या खाऊन अक्का मांडवातच वाकडी झाली. चेहरा पांढराफटक, कपाळाला घाम. तरी तोंडाने "सुम्ने गॅस" चालूच. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. पुढच्या संकष्टीला मी तिला फोन केला आणि सांगितलं, मला पोटाचा स्कॅन करायचाय, एकटीला भीती वाटते, सोबत चल. अक्काचा उपास होताच, म्हणजे पोट रिकामं. ती बिचारी माझ्यासाठी वाटेत देवाला हात जोडत आली. आत गेल्यावर मी तिला धरून खाटेवर निजवलं आणि तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, हिचा करा.

"कळ्ळी!" अक्का खाटेवरूनच ओरडली. म्हणजे चोरटी. "माझ्या उपासाच्या दिवशी खोटं बोललीस!"

"उपास तुझा आहे, माझा नाही," मी म्हटलं. डॉक्टर हसू दाबत पोटावर यंत्र फिरवत राहिले आणि मग हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं. तेवढंच असतं तर मी तिला ओव्याचा बरणीसकट पुरवठा केला असता. पण एका बाजूची भिंत जाड झाली होती. रिपोर्ट दाखवल्यावर माझ्या ओळखीचे सर्जन म्हणाले, "बहुतेक सूज असेल. पण काढून तपासल्याशिवाय छातीठोक कोणी सांगू शकणार नाही." ते माझ्याकडे बघून बोलत होते, कारण त्यांचे आलेख मीच काढून दिले होते. आम्हा दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती आम्ही दोघांनीही अक्कासमोर उच्चारली नाही.

अक्काने जाहीर केलं की दसरा होऊ दे, मग बघू. नवरात्रात तिच्या घरी घट बसतात, गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे बाहुल्या, पायऱ्यांवर ओळीने मांडायच्या, हा म्हैसूरचा थाट. तो सोडून दवाखान्यात जायचं ही कल्पनाच तिला सहन होईना. मी म्हटलं, आधी ऑपरेशन, मग गोंबे. ती म्हणाली, गोंबे वर्षातून एकदा येतात. मी म्हटलं, पित्ताशय आयुष्यात एकदाच काढतात. आमचा आवाज एवढा चढला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. शेवटी भावजींनी तोंड उघडलं. हा माणूस एरवी अक्कापुढे चकार शब्द काढत नाही. ते म्हणाले, "तू लग्नात वाकलीस तेव्हा मी पत्रावळ तशीच टाकून आलो. अजून मला जेवण गोड लागत नाही."

मग अक्काने अट घातली की घट बसायच्या आत आपल्याला घरी आणायचं. मी सर्जनांच्या हातापाया पडून तसा दिवस मिळवला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, झटपट झालं, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अक्का घरी जायला निघाली. मी औषधं आणायला खाली गेले होते. तेवढ्यात सिस्टरने भावजींच्या हातात एक पिशवी दिली आणि घाईघाईत सगळं समजावलं. त्यांचं सगळं लक्ष अक्काला रिक्षात अलगद कसं बसवायचं याकडे होतं. पिशवीत एक काचेची बाटली होती, त्यात अक्काचे खडे. आणि एक पांढरा प्लास्टिकचा डबा होता, त्याच्या झाकणाला चिकटपट्टी, अंगावर दवाखान्याचं लेबल. त्यात औषधी पाण्यात बुडवलेलं अक्काचं पित्ताशय. ते समोरच्या लॅबमध्ये नेऊन द्यायचं होतं. भावजींची समजूत अशी झाली की दोन्ही वस्तू आठवण म्हणून, घरच्यांना दाखवायला दिल्या आहेत.

आता नवरात्रात अक्काच्या घरी एक कडक नियम. घट बसले की मांसाचा कणही उंबरा ओलांडायचा नाही. भावजींनी पुष्कळ विचार केला, आणि तो सगळा विचार एकट्याने केला, हाच घोटाळा झाला. खडे म्हणजे दगड, दगडाला कसलं सोवळं, म्हणून बाटली घरात गेली. पित्ताशय म्हणजे मांस, म्हणून डबा दसरा संपेपर्यंत बाहेर, स्कूटरच्या डिकीत, रंगांच्या डब्यांशेजारी. या व्यवस्थेवर ते इतके खूश होते की अक्काला किंवा मला सांगायचं त्यांना सुचलंच नाही. माझी समजूत अशी की दवाखान्याने डबा परस्पर लॅबला पाठवला. रक्ताच्या नळ्या तशाच गेल्या होत्या ना.

त्या वर्षीचं नवरात्र आमच्या घरातलं सर्वांत मजेचं नवरात्र होतं. गोंबे बघायला येणाऱ्या बायका आधी राजा-राणीला नमस्कार करायच्या आणि मग म्हणायच्या, "खडे कुठायत?" अक्काने बाटली खालच्या पायरीवर, वाण्याच्या बाहुलीच्या दुकानात मांडली होती. बाहुलीवाला वाणी पुढ्यात डाळ-तांदळाच्या राशी घेऊन बसलेला, त्यात अक्काच्या खड्यांची भर. बायका बाटली हलवून बघायच्या. एक म्हणाली तुरीएवढे, दुसरी म्हणाली छे, शेंगदाण्याएवढे. आमची एक नात्यातली भाची, जिची मराठी चार वाक्यांत संपते, ती म्हणाली, "मावशी, सो क्यूट इदे!" म्हणजे किती गोड आहे. अक्काला ते फार आवडलं. खुर्चीत बसून ती प्रत्येकीला ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि गोष्टीत चोरटी म्हणून माझा प्रवेश झाला की मला हाक मारून दाखवायची.

मीही हसत होते. पण दर संध्याकाळी भावजींना हळूच विचारत होते, रिपोर्ट? ते म्हणायचे, "येईल की, दसऱ्याची गडबड आहे." लॅबला दसऱ्यात सुट्ट्या असतात हे मलाही पटत होतं. गावभर दिवे लागले होते, चौकाचौकांत माणसं माना वर करून बघत उभी होती, आणि मी त्या गर्दीतून स्कूटर हाकत घरी जाताना मनात एकच गोष्ट म्हणत होते: सूज असू दे, नुसती सूज असू दे.

मग महानवमी आली. म्हैसूरात हा आयुधपूजेचा दिवस. ज्याचं त्याचं हत्यार त्या दिवशी देव होतं. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा. सगळ्या गल्लीत गाड्या धुतल्या जातात, हार घातले जातात, कोहळा फोडून त्यावर कुंकू टाकतात. भावजींनी पहाटेच स्कूटर धुतली, डिकी रिकामी केली. प्रिंटिंगच्या चौकटी, रबरी पट्ट्या आणि रंगांचे डबे घराबाहेरच्या ओट्यावर ओळीने मांडले. अक्काला वाकायला मनाई होती, म्हणून ती ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसली. ताटातली हळद-कुंकवाची बोटं एकेका डब्याला लावत, एकेक झेंडू ठेवत ती पुढे सरकत होती, आणि भावजी खुर्ची सरकवत होते. मी पोचले तेव्हा पूजा उरकत आली होती.

मी कौतुकाने ओळ बघत उभी राहिले. लाल रंगाचा डबा, निळ्याचा, सोनेरीचा. आणि त्यानंतरच्या डब्यावर, कुंकवाच्या बोटाखालून, अक्काचं नाव दिसत होतं. शेजारी तिचं वय. खाली दवाखान्याचं नाव.

"भावजी," मी म्हटलं, "हा कुठला रंग?"

भावजींनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा यात कसा आला? हा हिचा गॉलब्लॅडर. खड्यांबरोबर दाखवायला दिला होता. घट उठले की आत नेणार होतो."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. अर्धी गल्ली कोहळे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली एवढं सांगते. भावजी हात जोडून उभे. आणि अक्का? अक्का आधी डब्याकडे बघत बसली, मग स्वतःच्या कुंकवाने भरलेल्या बोटाकडे, आणि मग तिला हसू फुटलं. टाके दुखतात म्हणून ती एका हाताने पोट दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "अहो, मी माझ्याच गॉलब्लॅडरची पूजा केली! झेंडू पण ठेवला!" समोरचा शिंपी हसला, शेजारीण हसली, आणि माझा संताप सगळ्यांच्या मध्ये एकटा पडला. शेवटी मलाही हसू आलं. पण इतके दिवस मी ज्या उत्तराची वाट बघत होते त्याचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

डबा तसाच उचलला आणि भावजींच्या हार घातलेल्या स्कूटरवर मागे बसून लॅब गाठली. वाटेत प्रत्येक चौकात फुटलेले कोहळे चुकवत भावजी मागे वळून वळून एकच विचारत होते, "खराब नाही ना झालं असणार? पर्वागिल्ला ना?" म्हणजे चालेल ना. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी फक्त पुढे बघून चालवा असं ओरडत होते.

लॅबच्या डॉक्टरबाई सुदैवाने तिथे होत्या, पण त्याही पूजेसाठीच. टेबलावरचा मायक्रोस्कोप शेवंतीच्या हारात बुडालेला, त्याच्या नळीवर कुंकवाचा टिळा, समोर केळी आणि नारळ. बाईंनी आमच्या डब्याकडे पाहिलं. त्यावर हळद, कुंकू आणि देठासकट झेंडू. मग आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. भावजींनी कन्नडमध्ये सगळी हकीकत सांगितली, अगदी सोवळ्यासकट. बाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडावर धरून हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावल्या. "पूर्ण बुडालेलं आहे. टिकलंय. काळजी करू नका," त्या म्हणाल्या. माझा जीव निम्मा भांड्यात पडला. मी म्हटलं, मग आज बघाल? त्यांनी हार घातलेल्या मायक्रोस्कोपकडे बोट केलं. "आज ते देव आहे, हात लावायचा नाही. आणि तसंही हे आधी कापायचं, मेणात बसवायचं, मग पातळ काप काढायचे. दसरा होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. अक्काने टीव्हीसमोर बसून हत्तीची मिरवणूक पाहिली आणि हत्तीला हातानेच ओवाळलं. मी शेजारी बसून तिच्याकडे बघत होते. पांढरे केस, कानात लाल खड्यांच्या कुड्या, हत्ती दिसला की लहान मुलीसारखा चेहरा. मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं की ही बाई मला हवी आहे, अजून खूप वर्षं, तिच्या सगळ्या हट्टासकट आणि ओव्यासकट. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हत्ती चाललाय, गप बस."

रिपोर्ट तयार झाल्यावर सर्जनांनी मला एकटीलाच बोलावलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी वाचायच्या आत ते स्वतःच बोलायला लागले. कॅन्सर होता. जिथे भिंत जाड दिसली होती तिथेच, पण फक्त आतल्या अस्तरात. खाली उतरलेला नाही, काढलेल्या कडा स्वच्छ. "एवढ्यावर सापडला तर पित्ताशय काढणं हाच उपचार. तो झालेला आहे. दुसरं ऑपरेशन नको, किमो नको. ठरलेल्या तपासण्यांना येत राहायचं."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारला: म्हणजे वरच्या रेषेत एक वाढला, खालच्या रेषेत नाही? ते म्हणाले, "तसंच समजा." मी तिथेच रडले, आणि सर्जनांनी रुमालाऐवजी स्वतःचं पेन माझ्यापुढे केलं, एवढे तेही गोंधळले होते. वर्षानुवर्षं मी त्या दोन रेषांमध्ये जागा शोधत होते आणि आता त्या जागेत माझी अक्का बसली होती, पाय पसरून.

अग्रहारात पोचले तर भावजी ओट्यावरच वाट बघत उभे. त्यांना माझं तोंड बघूनच कळलं. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, होता आणि गेला, दोन्ही. त्यांनी ओट्याचा खांब धरला. मग म्हणाले, "तिला तो शब्द सांगू नको. सूज होती म्हण. ती आतून मोडेल." मी ओट्यावर चपला काढल्या.

आत गेले. अक्का गोंबे कापडात गुंडाळून पेटीत भरत होती. तिने मला पाहिलं आणि बाहेर हाक दिली, "अहो, कॉफीची पूड संपलीय, स्वल्प आणता का?" पूड डब्यात भरपूर होती, मला दिसत होती. भावजींच्या चपलांचा आवाज आला तशी ती माझ्याजवळ सरकली. "काय ते मला सांग. कॅन्सरच ना? तू रोज रिपोर्ट रिपोर्ट करत होतीस तेव्हाच मी ओळखलं. मला झेपेल. पण यांना बेडा, यांना सांगू नको. त्या डब्यापायी हे जन्मभर स्वतःला खातील."

मग माझा पारा चढला. आयुष्यभर या दोघांनी एकमेकांपासून काहीही लपवलं तर ते माझ्याच पोटात लपवलं आहे. "भावजी, परत या!" मी दारात जाऊन ओरडले. ते ओट्याच्या पायरीवरच उभे होते, गेलेच नव्हते. मी त्यांना आत आणलं, अक्काशेजारी पलंगावर बसवलं आणि उभी राहून वर्गात सांगतात तसं सांगितलं. कॅन्सर होता. तो पित्ताशयाच्या आतल्या अस्तरात होता. पित्ताशय अक्काच्या पोटात नाही, लॅबमध्ये आहे. आता अक्काला कॅन्सर नाही. डबा डिकीत राहिला त्याने काहीही बिघडलं नाही, कारण ते तिच्या अंगातून आधीच बाहेर आलेलं होतं. तपासायला दर वेळी मी नेईन आणि कोणीही त्याला गॅस म्हणायचं नाही.

मग भावजींनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अक्का त्यांच्याकडे वळली. "अहो. अहो, मी आहे ना इथे," ती म्हणाली. भावजींनी चाचपडत तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. आमच्या घरात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना शिवत नाहीत. मी त्यांच्या लग्नात लहान होते, तेव्हापासून आजपर्यंत मी हे पाहिलं नव्हतं.

"सोडा, ती बघतेय," अक्का म्हणाली. पण तिने हात काढून घेतला नाही, आणि मी कॉफी करायला आत गेले.